भाकरी कुणी बांधली

आजोबा, नहूम दगडू बागूल, मिशनच्या शाळेत मास्तर,
रविवारी साक्रीच्या देवळात उपदेशाला उभे राहत.
देऊळ म्हणजे कौलारू खोली. मागे कान नदी,
चैत्रानंतर नुसते गोटे.

पुस्तक काळ्या पुठ्ठ्याचं, आतली भाषा इस्त्रीची.
ते वाचायचे स्वच्छ, एक शब्द न गाळता,
मग पुस्तक मिटायचे
आणि घरात बोलतात तसं बोलायला लागायचे.
मिटल्या पुस्तकातून मोरिया डोंगर
हळूच शेंदवडच्या बाजूला सरकायचा.
अब्राहामाचं गाढव व्हायचं शिवा कुंभाराचं,
डावा कान फाटलेलं.
एडका अडकायचा बोराटीत.
कुणाला नवल वाटत नसे.
डोंगर काय, जवळचाच बरा.

मग एका रविवारी, लाकडं इसहाकाच्या पाठीवर चढली
आणि बाप-लेक निघाले, तेवढ्यात
बायकांच्या बाजूनं कडूबाई उठली.
तिचा थोरला सुरतेच्या गिरणीत गेलेला,
दोन पावसाळे पत्र नाही.
म्हणाली,
"आन् पोर्‍यानी माय? तिले इचारं का कोन्ही?"

आजोबांनी पुस्तक उघडलं.
बोटानं ओळी चाचपल्या.
मिटलं.
त्या दिवशी उपदेश तिथंच संपला,
गीत न म्हणताच लोक उठले.

पुढच्या खेपेला सारा उंबर्‍यात उभी होती.
एवढंच. बोलली काही नाही.
त्याच्या पुढच्या वर्षी तिनं विचारलं,
"कथा लई चालनात त्याले?"
आणि वर्षागणिक ती लांबत गेली :
लाकडं मोजायला लागली, सुरी कशाला विचारायला लागली,
पोराच्या बंडीचं बटण लावताना
तिची बोटं थरथरायला लागली.
अब्राहाम मात्र जसा होता तसाच राहिला,
दर वर्षी तितकाच गप्प.

धुळ्याहून तपासायला आलेल्या वडील पाळकांनी
टिपण घेतलं. ‘हे शास्त्रात नाही, मास्तर.’
आजोबा म्हणाले, नाही.
मग थोड्या वेळानं म्हणाले,
तीन दिवसांची वाट आहे, साहेब.
शिदोरी कुणीतरी बांधून दिलीच असेल.
कळण्याची भाकरी काय
पुरुषमाणूस पहाटे उठून थापतो होय?

वडील पाळकांनी ते टिपलं की नाही, ठाऊक नाही.
जेवायला थांबले एवढं खरं. ठेचा दोनदा मागून घेतला.

मी नंतर पुण्याला ईश्वरविद्येच्या शाळेत गेले.
तिथल्या एका जाड पुस्तकात वाचलं :
दीड हजार वर्षांपूर्वी, सिरियाच्या बाजूला,
उपदेशक पद्यातून उपदेश करत
आणि त्यांच्या उपदेशात सारा बोले.
नवर्‍याला अडवे, मुलाला कुरवाळे,
शास्त्रात नसलेली वाक्यं पुरी पानभर.
टीप होती : लेखकाचा कल्पनाविस्तार.
मी ग्रंथालयात एकटीच हसले.
वाटलं, तिथंही भिंतीशी टेकून
कुणी बसलेली असणार.
तिचाही कुणी दूर गेलेला असणार.
टिपेत तिचं नाव असायचं काही कारण नव्हतं.

आजोबांच्या वह्या आता माझ्याकडे आहेत.
वाळवी लागली, तरी अक्षर धरून आहे.
इसहाकाच्या पानावर सगळं नीट लिहिलंय,
गाढव, लाकडं, डोंगराचा चढ.
सारेचं बोलणं मात्र कुठंच नाही.
त्या जागी, दर वर्षीच्या वहीत, एकच ओळ :
इथं थांबणे. कडूबाईकडे बघणे.

शेवटच्या तीन वह्यांत कडूबाईचं नाव खोडलंय.
तिच्या जागी दुसरं कुणाचं लिहिलेलं नाही.
नुसतं, कडे बघणे.